बाळसं

वॉकलीच्या चढावर माझं घर. दारापुढे सात पायऱ्या,
आणि रस्ता असा, की हातून बटाटा निसटला
तर थेट रिव्हलिनच्या पाण्यात.
शेफील्डच्या ह्याच चढांवर एकतीस वर्षं
काट्याची पेटी खांद्याला लावून हिंडले,
घरोघरी बाळांची वजनं करणारी बाई.

काट्यावर कागदी रुमाल, त्यावर उघडं बाळ,
मुठी आवळलेलं, रागावलेलं.
आकडा थरथरायचा, मग थांबायचा.
"दीडशे ग्रॅम वाढलं," म्हटलं की आया रडायच्या.
शँटेल बार्न्सनं तर माझ्या गालाची पापी घेतली होती.
लाल वहीत मी टिंब काढायची.
टिंब वर गेलं, सगळं ठीक.

आता खाली गेलं की ठीक.

बेथनी माझ्या धाकटीहून लहान.
एक्स-रेवर पेनाचं टोक ठेवून सांगते,
इथे गादी होती. आता पातळ झालीय.
"पण चालायचं थांबू नका. मांडी बळकट करा.
आणि एक किलो उतरवलात ना,
तर दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार उतरतो."
एकाला चार!
असलं व्याज मला कुठल्या पतपेढीनं दिलं नाही.

अक्कल गुडघ्यात आहे पोरीची, असं आई म्हणायची.
असती, तर लोकांच्या पोरांचे ग्रॅम टिपताना
तिनं घरच्या किलोंना हटकलं नसतं का?

मुरलीधर आता फोडणीचं तेल चमच्यात धरतो,
पोलादाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत
ॲसिड धरायचा तसं, श्वास रोखून.
भाताची मूद बाळमुठीएवढी.
आधी मुगाची उसळ, कोबी, शेजारच्या मॉरीनच्या वाफ्यातलं बीट,
मग ती मूद, आणि तिच्यावर
तुपाचा एक थेंब, जो मी सोडणार नाही.
बेथनीला सांगितलंय तसं. ती हसली.

नोव्हेंबरात एकदा, ओल्या थंडीत, गुडघा ठणकत असताना
स्वयंपाकघरात दिवा न लावता
उभ्या उभ्या चकल्यांचा डबा संपवला.
अंधारात चकली किती मोठ्यानं वाजते!
मुरलीधर वर जागा होता. काही बोलला नाही.
सकाळी काट्यावर चारशे ग्रॅम वाढ.
ह्या वेळी पापी कोण घेणार?

इस्लामपूरहून नणंद फोनच्या पडद्यात डोकावते.
"अगं बाई, केवढी वाळलीस! घरात सगळं बरं आहे ना?"
आपल्याकडे जाड झालं की तब्येत सुधारली,
बारीक झालं की कुणीतरी छळतंय.
"कुणी नाही हो वन्सं," मी म्हणते, "मीच."

मार्चपर्यंत तीन किलो दोनशे.
दुखतं अजून. खोटं कशाला सांगू?
पण सात पायऱ्या मी वर्षभर आडवी, खेकड्यासारखी उतरत होते,
त्यातल्या चार आता सरळ उतरते.
उरलेल्या तीन कठड्याला धरून.

काल बसथांब्यावर एक पोरगी,
एका हातानं बाबागाडी मिटायला झगडत होती.
"जरा धराल?" म्हणाली,
आणि दुपट्यासकट बाळ माझ्या हातांवर.

हात विसरत नाहीत.
कोपरापाशी डोकं, तळव्यावर ढुंगण, आणि आकडा
आपोआप थरथरला, थांबला:
तीन किलो दोनशे. फार तर तीन-अडीच.

बस आली तरी मी तशीच उभी.
एवढं? एवढं बोचकं घेऊन मी चढत होते
हा अख्खा डोंगर, आणि गुडघ्याला वाटत होतं
अशी चार आहेत?

पोरगीनं हात पुढे केले.
द्यावंसं वाटेना, आणि द्यायलाही हवं होतं.

"बाळसं धरेल हो," मी म्हणाले, मराठीतच.
तिला काय कळलं कोण जाणे.
थँक यू, लव्ह, म्हणाली, आणि बसच्या पायरीवर
माझ्याच कोपराला आधार दिला.